पेन्शनवर आलेला फौजी अजून पोस्टवरच असेल तर

झोपलेल्या फौजीला हात लावून उठवायचं नाही. बाकीचं नंतर वाचलात तरी चालेल, खरं एवढं आजपासून पाळा. उठवायचंच असेल तर आधी खोलीबाहेरचा दिवा लावा. मग पायांच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशा जागी उभं राहा आणि नाव घेऊन नेहमीच्या आवाजात हाक मारा. जरा थांबून पुन्हा मारा. कुजबुजायचं नाही, कारण अँबुशमध्ये, म्हणजे दबा धरून, रात्र काढलेल्या माणसाला कुजबुज ऐकली की सगळ्यात आधी जाग येते. आणि "जा रे, पप्पांना उठव" म्हणून पोराला तर कधीच पाठवू नका. उशाशी वाकलेल्या माणसाचा गळा धरला जातो आणि धरणाऱ्याला ते नंतर कळतं. असं झालेल्या घरात मी गेलोय. त्यानंतर तो माणूस महिनाभर पोराकडं मान वर करून बघत नव्हता.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. नोकरीचा बराच काळ मराठा पलटणींच्या आर.ए.पी.त, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात गेला. काही नियंत्रण रेषेवर, काही काश्मीर खोऱ्यात राष्ट्रीय रायफल्सबरोबर. आता बेळगावहून हिंडलगा, उचगाव करत चंदगडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात भात आणि रताळी करतो. मराठा रेजिमेंटचं सेंटर शंभर वर्षांच्या वर बेळगावात आहे, त्यामुळं आमच्या भागात मिलिटरीचं घर नाही अशी गल्ली सापडायची नाही. लोक मला बीपी बघायला बोलावतात. बीपी बघून निघालो की घरातली बाई दारापर्यंत येते आणि आवाज खाली आणून म्हणते, "मामा, हे रात्रीचे उठून परड्यात फिरतात की हो. काय बघतात कुणास ठाऊक." लढाईच्या भागातून आलेल्या माणसाच्या मनात राहून गेलेल्या या दुखण्याबद्दल हे लिहिलंय, ते तिच्यासाठी. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर जिथं लागतो तिथं तसं सांगेन.

हे होतं कशानं

लोकांना वाटतं, एखादा मोठा स्फोट झाला, शेजारचा गेला, म्हणून डोकं फिरलं. तसंही होतं. खरं आमच्या बहुतेक पोरांचं दुखणं लांबलेल्या काळाचं असतं. रोड ओपनिंग पार्टी घ्या. रोज पहाटे तोच रस्ता, कुठं सुरुंग पेरलाय का बघत, पायी तपासत जायचा. मोरीखाली वाकून बघायचं, उकरलेली माती बघायची, कडेला पडलेला दुधाचा कॅन बघायचा. बहुतेक सकाळी काहीच निघत नाही. तरी अंग ढिलं सोडता येत नाही, कारण ज्या दिवशी सोडलं त्याच दिवशी निघालं तर? राष्ट्रीय रायफल्सचं टेन्युअर दोन-अडीच वर्षांचं. तेवढा काळ असं काढलं की शरीर ते शिकून बसतं. तुकड्या-तुकड्यानं झोपणं, दाराकडं तोंड करून बसणं, आवाज आला की विचाराआधी हालचाल. या शिकण्यानंच तो जिवंत परत आला. म्हणून "आता सोडून द्या ते सगळं" असं सांगून ते सुटत नाही.

यात कच्चेपणा, भित्रेपणा काही नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईतल्या सैनिकांवरून स्वँक आणि मार्चंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये लिहिलं की सलग साठेक दिवस लढाईत राहिले तर जवळजवळ सगळेच जवान मनानं कोसळतात. टिकतात ते अगदी बोटांवर मोजण्याइतके. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यानं बसलेला धक्का, हे नाव छापून आणलं होतं. त्याच सालच्या डिसेंबरात आपली माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात अडकली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा, उपासमार, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या सगळ्याला नुसतं 'बसरा' म्हणायची. बसऱ्याहून आलेला एखादा कुणाशी बोलायचा नाही, रानातच झोपायचा; लोक म्हणायचे लागीर झालंय. डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर मनात राहिलेला ताण, हे नाव १९८० साली आलं. दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं.

ओळखायचं कसं? आर.ए.पी.त येऊन "मला भीती वाटते" असं म्हणणारा जवान मी पाहिला नाही. पाठ दुखते, डोकं धरतं, पोटात आग होते, झोपेची गोळी द्या, असं म्हणून सिक रिपोर्टला यायचे. घरीही तसंच असतं. तेव्हा तो काय म्हणतो यापेक्षा काय करतो ते बघा. जुनं सगळं स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा घडतं, नुसतं आठवत नाही; त्या वेळी घाम, धडधड, डोळे भलतीकडं. त्या गोष्टीची आठवण देणारं तो टाळतो: बातम्या बंद, पलटणीतल्या दोस्ताचा फोन उचलत नाही, बाजारात जात नाही. मन मेल्यासारखं होतं, म्हणजे पोरीच्या लग्नात सगळे हसतात आणि हा खांबाला टेकून उभा. "माझ्यामुळंच तो गेला" असलं काहीतरी धरून बसतो. आणि चौथं, कायम ताणलेला: कडी चारदा तपासतो, मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध चालवतो, मोरी आली की वेग वाढवतो, भात करपला म्हणून ताट भिरकावतो. हे महिनाभराच्या वर चाललं आणि त्यापायी काम, घर, झोप बिघडली तर दवाखान्याचं काम आहे असं धरा.

पुष्कळांना नोकरीत असताना काही नसतं आणि पेन्शनवर आल्यावर, कधी काही वर्षांनी, सुरू होतं. लोक म्हणतात, "एवढ्या उशिरा कसं?" पलटणीत सकाळची पीटी, रोल कॉल, लंगर, भोवती आपल्यासारखीच माणसं. इथं येऊन पडलं की दिवसाला आकार नाही आणि विचारायला कुणी नाही. मग जे मागं दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं.

रात्र

अंथरूण वेगळं घालायला लाजू नका. गल्लीत कुणी काही म्हणेल म्हणून बायका वर्षानुवर्षं ठोसे खात शेजारी झोपतात. त्याच खोलीत दोन कॉट, मध्ये चालता येईल एवढी जागा, पोरं आजीकडं. त्याची कॉट भिंतीला लावा आणि दार दिसेल अशी ठेवा. बारीक दिवा राहू दे.

स्वप्नात ओरडून उठला की "काय झालं, काय दिसलं?" असं विचारायचं नाही. तो कुठं आहे ते सांगायचं. "हे आपलं घर. बेळगाव. आज गुरुवार. मी आहे इथं." पाणी पुढं ठेवायचं, हातात कोंबायचं नाही. उठून चक्कर मारून येतो म्हणाला तर येऊ दे. मागं लपत जाऊ नका. जायचंच असेल तर चपला वाजवत, बोलत जा. रात्री काय दिसलं ते सकाळच्या चहाला त्यानं सांगितलं तर ऐका, नाही तर राहू दे.

दिवसा असाच झटका आला तर काय करायचं ते सांगतो. आमच्याच सोप्यावर घडलेलं आहे. एक रिटायर्ड नायक चहा घेत बसला होता आणि रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. कपबशी खाली, हा भिंतीला पाठ लावून उकिडवा, डोळे रस्त्यावर, उजवा हात मांडीजवळ काहीतरी चाचपतोय. मी समोर गेलो नाही. दार मोकळं सोडून बाजूला जमिनीवर बसलो, नाव घेतलं. "टायर फुटला. हा माझा सोपा. दिसतंय त्यातल्या पाच वस्तू सांग." तो गप्प. मीच सुरू केलं, "खुंटीवरची घोंगडी." बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "विळी." मग सूप. मग कॅलेंडर. मग आमच्या म्हातारीची काठी. "आता हाताला लागतंय ते चार." गार फरशी, भिंतीचा खरबरीत गिलावा, पँटची शिवण, मनगटावरचं घड्याळ. तीन आवाज: पंखा, शेजारच्या टीव्हीवरच्या कानडी बातम्या, कोंबडी. दोन वास: सांडलेला चहा आणि भिजलेलं गोणपाट. शेवटी एक चव. "तंबाखू," म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. पाच, चार, तीन, दोन, एक. क्रम चुकला तरी काही बिघडत नाही. डोकं तिथून काढून इथं आणायचं, एवढंच काम आहे.

त्याच्या जोडीला श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर जाणारा लांब हवा, त्यानं धडधड उतरते. (फायरिंग रेंजवर श्वास धरायला-सोडायला त्याला उस्तादानं शिकवलेलं असतंच. खरं त्या रेंजची आठवण काढू नका.) हे दोन्ही निवांत असताना रोज करून ठेवायला लागतं. झटका आल्यावर कुणी नवीन काही शिकत नाही.

आवाज

आमच्याकडं आवाजाला तोटा नाही. दिवाळी आहे, गणपती आहे. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि डॉल्बीनं खिडकीच्या काचा थरथरतात. शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर. गावच्या लक्ष्मीची यात्रा आली की दारूकाम. खानापूरकडं रानडुकरं आणि हत्ती हाकलायला रात्री-अपरात्री फटाके. ऊस पेटवला की कांडी तडतडते, ती थेट बंदुकीसारखी. कँपाच्या बाजूला राहत असाल तर रेंजवरचं फायरिंगही ऐकू येतं.

माझा अनुभव असा की मोठ्या आवाजापेक्षा अचानक आलेला आवाज जास्त लागतो. म्हणून आधी सांगायचं. "आज सातला पाटलांच्यात वरात आहे, फटाके उडवतील." शेजाऱ्याला भेटून सांगा, "ऊस कधी पेटवणार तेवढं कळवा की." यात लाज कसली? मंडळाच्या पोरांनाही सांगा. आमच्या मंडळाची पोरं आता त्या घरासमोर माळ लावत नाहीत, पुढच्या वळणावर लावतात. त्यांना सैनिकाबद्दल भाषणं करण्यापेक्षा हे सोपं गेलं.

खरं दरवेळी दिवाळीला रानातल्या खोपीत पळून जाणं हाही उपाय नव्हे. टाळत गेलं की भीती पसरत जाते. आधी फटाके, मग बाजार, मग बस, मग दाराबाहेरच नको. थोडं-थोडं जवळ यायचं: या वर्षी घरात, खिडकी लावून, सोबत कुणीतरी, पुढच्या वर्षी सोप्यावर. किती आणि कधी ते तो ठरवेल. "चला, सवय होऊ दे" म्हणून हाताला धरून मिरवणुकीत नेणारे मेव्हणे मला माहीत आहेत. त्यांना घरी बसवा.

बाटली, गोळी, बंदूक

कँटीनचा कोटा या विषयावर बोललं की माझ्याशी लोक भांडतात. रमनं झोप लागते, हे खरं आहे. पहिले तीन-चार तास लागते. नंतर ती मोडते आणि पहाटेकडची स्वप्नं जास्त जोरात येतात. मग त्यासाठी अजून एक पेग. असं करत रोज अर्धी बाटली जाणारा माणूस असेल तर बायकोनं तावातावानं बाटली फोडून एका दिवसात बंद करायला लावू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नाही ती माणसं दिसतात. यात जीव जातो. दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवायची असते.

दुसरं, मेडिकलमधून मागून आणलेली अल्प्राझोलम ही झोपेची गोळी. कुणाच्या तरी चिठ्ठीवर चौथाच माणूस खातोय. तिची सवय लागते, दारूबरोबर श्वास मंदावतो आणि मूळ दुखण्याला ती लागू पडत नाही. जगभरातल्या उपचारांच्या नियमावल्या या आजारात असल्या गोळ्या नको म्हणतात. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरला सांगून कमी करत आणा.

तिसरी बंदूक. आमच्याकडचे कितीतरी पेन्शनर बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर सिक्युरिटीत लागतात, परवान्याची बाराबोर घरी असते. माणूस खचलेला दिसला की बंदूक घराबाहेर हवी. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं रीतसर जमा ठेवता येते. शेतातली फवारणीची औषधंही माळ्यावर उघडी नकोत. कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि सरळ विचारा: "जगायला नको असं वाटतंय काय?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही. उलट बऱ्याचजणांना कुणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. होय म्हणाला तर एकटं सोडू नका, १४४१६ ला (टेली-मानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) लावा, नाहीतर थेट दवाखाना. काही करून घेतलं असेल तर पोलीस केसच्या भीतीनं घरी दडवून ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला शिक्षा करायची नाही.

बोलणं

गावातली पोरं विचारतात, "काका, किती मारलासा?" हा प्रश्न घरात येऊ देऊ नका. "मिलिटरीवाला असून घाबरतोस?" हाही नको. आणि हार घालून "तुम्ही देशासाठी केलं" असं पुन्हा-पुन्हा म्हणणंही कधी-कधी टोचतं, कारण त्याला आतून जे खातंय ते वेगळंच असतं. शेजारचा एखादा जवान वाचवता आला नाही. एखाद्या घराची झडती घेताना एक म्हातारी बघत होती. त्यावर तुमचा जयजयकार चालत नाही.

समोरासमोर बसवून "सगळं सांगून टाक, मोकळा हो" असंही करू नका. एका बैठकीत सगळं उकरून काढल्यानं फायदा होत नाही, हे आता डॉक्टरही मानतात. शेजारी-शेजारी काम करताना आपोआप निघतं. माझ्या रताळ्याच्या वाफ्यावर भांगलताना जितकं ऐकलंय तितकं मी नोकरीत ऐकलं नाही. खुरपं चालू, नजर जमिनीवर, एक वाक्य येतं. त्यावर "हं" म्हणायचं आणि पुढचं तण काढायचं. उपदेश करू नका. स्वतःची गोष्ट सुरू करू नका. "होतं असं" म्हणू नका. पलटणीतला जुना दोस्त आसपास असेल, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी कुठंही, तर त्याला बोलावून घ्या. जे आमच्याशी बोलत नाही ते त्याच्याशी बोलेल.

दिवसाला आकार द्या. पहाटे पीटीच्या वेळेला उठणारा असेल तर त्या वेळेला चालायला जाऊ दे, डेअरीला दूध घालायचं काम त्याचं. भरतीच्या पोरांना मैदानावर पळवायचं काम काहींना फार मानवतं. काहींना मात्र शिट्टी आणि "दौड चाल" ऐकून रात्री जास्त त्रास होतो. दोन आठवड्यांत कळतं.

घरातल्या बाईला

वैनी, इतकी वर्षं घर, शेत, सासूचं आजारपण, पोरांच्या फिया तुम्ही एकट्यानं ओढल्यात. आता हा येऊन कंपनी परेडसारखा हुकूम सोडतो, आणि वर सगळे तुम्हालाच म्हणतात समजून घे. समजून घ्यायला हद्द आहे. आजार हे मारहाणीचं लायसन्स नव्हे. हात उचलला तर पोरांना घेऊन बाहेर पडा, ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. त्याचा इलाज आणि तुमची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. तुमचीही झोप उडालीय, दाराचा आवाज आला की तुमच्याही पोटात गोळा येतो, तर त्याच डॉक्टरला स्वतःचंही सांगा. पोरांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं: "पप्पांना लढाईतली जुनी भीती आहे, त्यावर औषध चालू आहे, तुझी चूक नाही." पोरं आधीच दबकत चालायला शिकलेली असतात, त्यांना कारण कळू दे.

देवाचं म्हणाल तर कँपातल्या मिलिटरी महादेवाला जाऊन बसल्यावर शांत वाटतं म्हणणारे पुष्कळ आहेत. खुशाल जा. देवऋष्याकडं नेऊन मिरचीचा धूर, मारझोड मात्र नाही. कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, असल्या अघोरी प्रकारांवर गुन्हा दाखल होतो. आणि अंगाऱ्यासाठी गोळी बंद करायची नाही.

दवाखाना

नोकरीत असलेला असेल तर त्याला मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, घसरायची भीती असते. त्या दर्जाच्या 'शेप'मधला 'एस', म्हणजे मनाची तब्येत, गेला की प्रमोशन, कोर्स सगळं अडकतं, म्हणून लपवतात. सुरुवातीची कॅटेगरी बहुधा तात्पुरती असते, ठरलेल्या काळानं मेडिकल बोर्ड पुन्हा बघतं आणि बरे होऊन वर आलेले मी पाहिलेत. लपवून ठेवून हातात रायफल घेऊन संत्री ड्युटी करण्यापेक्षा ते परवडलं. शिवाय उद्या हे दुखणं नोकरीमुळं झालं असं दाखवायची वेळ आली तर नोकरीतले कागद लागतात; आर.ए.पी.त नोंदच नसेल तर बोर्डापुढं काय ठेवणार?

पेन्शनर असेल तर ई.सी.एच.एस. (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन तिच्या पॉलिक्लिनिकला जायचं आणि मानसोपचारासाठी रेफरल मागायचं. "झोप येत नाही" एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळेल. "लढाईच्या भागातली ड्युटी झालीय, स्वप्नं पडतात, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचंय" असं म्हणा. कार्ड नसेल तर बेळगावचं सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. तालुका रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, आधी चौकशी करून जा. नाहीतर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना. आमच्याकडं "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" म्हणून हसायची पद्धत आहे, त्यामुळं नाव काढलं की माणूस बिथरतो. त्याला सांगा, तिथं बाहेरून दाखवून चिठ्ठी घेऊन संध्याकाळी घरी येणारेच जास्त असतात. विजेच्या शॉकचीही भीती घालून ठेवलेली असते. या दुखण्याचा नेहमीचा इलाज बोलण्याचा आणि गोळ्यांचा आहे.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ रात्रंदिवस चालू, फुकट, भाषा निवडता येते. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

गोळ्या बहुधा सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिन जातीच्या असतात. पहिला आठवडा मळमळ, जरा अस्वस्थता. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात; खत टाकलं त्या दिवशी ऊस वाढलेला दिसत नाही. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. स्वप्नांसाठी कधी प्राझोसिन देतात, ती मुळात बीपीची गोळी, म्हणून सुरुवातीला अंथरुणातून झटकन उठलं की चक्कर येते. आधी कॉटवर बसायचं, मग उभं राहायचं.

गोळ्यांपेक्षाही टिकाऊ उपाय बोलण्याचा आहे आणि आपल्याकडं तोच कमी मिळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते स्वतःहून विचारा. आठवड्याला एक असे आठ ते सोळा वेळा बसायला लागतं. त्यात ती घटना थोडी-थोडी, सुरक्षित जागी, शिकलेल्या माणसाबरोबर पुन्हा बोलली जाते, जोवर ती नुसती आठवण होत नाही. मधल्या दोन-तीन खेपांना त्रास वाढल्यासारखा वाटतो. तिथंच बहुतेक लोक सोडतात. त्या आठवड्यात घरच्यांनी गाडीवर बसवून न्यायचं.

डॉक्टर कानडी बोलतो, हा मिलिटरी हिंदी, बायको मराठी. पाच मिनिटांत अर्धं राहून जातं. म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या. किती तास झोप, आठवड्यात किती रात्री स्वप्नं, दारू किती, कोणत्या आवाजाला काय होतं, कधीपासून. कुठं-कुठं पोस्टिंग होतं. आणि एक गोष्ट न विसरता: जवळ स्फोट होऊन कधी बेशुद्ध पडला होता का, कानात शिट्टी वाजते का, डोकं धरतं का. मेंदूला बसलेला जुना मार आणि हे दुखणं एकमेकांसारखं दिसतं, दोन्ही एकत्रही असतात, आणि तपासणी वेगळी लागते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद काउंटरवर सोडून यायचे नाहीत. धारवाड ऐंशीएक किलोमीटर, सकाळची पहिली बस धरलीत तर ओपीडीची चिठ्ठी वेळेत मिळते. न्याहारी करून निघा. बसमध्ये त्याला मागची सीट द्या, पाठीशी कुणी नसलं की तो बरा बसतो.